मधुमेह आणि नैराश्य: मेंदूतील रसायनांचा संबंध नेमका किती आणि कसा?

वाचनवेल्हाळ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. त्याबाबत ते सुरुवातीपासून अतिशय काटेकोर होते. रोज सकाळी तपासलेली साखर ते तारीख घालून वहीत लिहून ठेवत आणि आकडा थोडा जरी वर गेला तरी आदल्या दिवशी काय चुकले याचा विचार करत बसत. गेल्या काही महिन्यांत मात्र सगळे बदलले आहे. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब ते अजूनही पट्टीवर ठेवतात, पण ग्लुकोमीटरवर आकडा उमटायच्या आत यंत्र बाजूला सारून उठून जातात. पहाटे फार लवकर जाग येते आणि मग झोप लागत नाही. वाचन, गाणे ऐकणे, जुन्या मित्रांशी बोलणे, कशातच त्यांचे मन रमत नाही. विचारले तर "मला काही झालेले नाही, थकवा आहे" एवढेच सांगतात.

त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले पाहून औषधाचा डोस वाढवला आणि साखर आटोक्यात आली की उत्साह आपोआप परत येईल, असे सांगितले. घरातील मंडळींच्या मते हे वयाचे लक्षण आहे. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. मधुमेहामुळे मेंदूतील रसायनांवर परिणाम होतो आणि त्यातून नैराश्य येऊ शकते, असे मी वाचले आहे. पण ते वाचताना सेरोटोनिन, डोपामिन, कॉर्टिसॉल अशी नावे एकामागून एक येतात आणि हाती ठोस काही लागत नाही. हा संबंध खरोखर सिद्ध झालेला आहे का, आधी मधुमेह की आधी नैराश्य हे कसे ओळखायचे, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांशी नेमके काय बोलावे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

पेशीवेध

मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधोपचारांचा भाग इतरांवर सोपवून मेंदूत काय घडते एवढ्यापुरतेच लिहितो. ते जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण 'रसायनांचे संतुलन बिघडते' असे एका वाक्यात सांगून टाकले की आपण म्हणता तसे हाती काहीच लागत नाही.

या दोन आजारांचा संबंध वैद्यांच्या नजरेला फार पूर्वीच आला होता. सतराव्या शतकातील इंग्लिश वैद्य टॉमस विलिस याने दीर्घकाळचे दुःख हे मधुमेहाच्या कारणांमध्ये गणले होते. अलीकडच्या काळात, २००१ साली, अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि त्यात मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट दिसले; मात्र आधी काय झाले आणि नंतर काय, हे त्यावरून कळत नव्हते. लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांचे विश्लेषण २००८ साली झाले. त्यात नैराश्य असलेल्यांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याची जोखीम सुमारे ६० टक्क्यांनी अधिक निघाली, तर टाइप २ मधुमेह असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याची जोखीम सुमारे १५ टक्क्यांनी अधिक निघाली. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी चालू आहे. एखाद्या विशिष्ट माणसाच्या बाबतीत आधी कोणता आजार आला हे शोधून काढणे बहुधा अशक्य असते आणि उपचारांसाठी त्याची फारशी गरजही पडत नाही.

आता मेंदूकडे वळू. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के असतो, पण विश्रांतीच्या स्थितीत शरीर वापरत असलेल्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो आणि ती प्रामुख्याने ग्लुकोजमधून मिळवतो. स्नायूंमध्ये ग्लुकोज शिरण्यासाठी इन्सुलिनची मदत लागते. मेंदूत ते काम वेगळी वाहक प्रथिने करतात आणि त्यांना इन्सुलिनची आवश्यकता नसते. त्यामुळे मेंदूचा इन्सुलिनशी काही संबंध नाही, असाच समज पुष्कळ काळ होता. १९७८ साली प्रयोगशाळेतील उंदरांच्या मेंदूत इन्सुलिनचे रिसेप्टर, म्हणजे इन्सुलिनचा निरोप स्वीकारणारी प्रथिने, मोठ्या प्रमाणावर सापडली आणि हा समज डळमळला. भूक आणि संप्रेरके सांभाळणारा हायपोथॅलॅमस, स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस अशा महत्त्वाच्या भागांत हे रिसेप्टर आहेत. ग्लुकोज आत घेण्यासाठी जर इन्सुलिन लागत नसेल, तर ते तेथे काय करते, हा प्रश्न त्यानंतर उभा राहिला.

त्याचे एक उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतील जॉसलिन मधुमेह केंद्रातील संशोधकांनी असे उंदीर अभ्यासले, ज्यांच्या फक्त मेंदूतील इन्सुलिन रिसेप्टर जनुकीय बदलाने काढून टाकलेले होते. या उंदरांचे वय वाढत गेले तशी त्यांच्या वागण्यात चिंता आणि नैराश्य यांच्याशी जुळणारी लक्षणे दिसू लागली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात त्याचे कारणही दाखवले गेले. मेंदूत मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे एक विकर असते, जे डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन ही चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवणारी द्रव्ये वापरून झाल्यावर मोडून टाकते. इन्सुलिनचा निरोप पोहोचेनासा झाला की हे विकर वाढते, डोपामिन अधिक वेगाने मोडले जाते, आणि ज्या भागांत काहीतरी करावेसे वाटण्याची ऊर्मी आणि केल्याचा आनंद घडतो त्या भागांत त्याचा परिणाम नीट टिकत नाही. विशेष म्हणजे या विकराला रोखणारे औषध दिल्यावर त्या उंदरांचे वागणे सुधारले. १९५०च्या दशकात क्षयाच्या एका औषधाने रुग्णांचे मन अनपेक्षितपणे उल्हसित होते असे लक्षात आले आणि त्यातूनच नैराश्यावरील सुरुवातीची औषधे निघाली. ते औषधही याच विकराला रोखत असे. दोन अगदी वेगळ्या दिशांनी सुरू झालेला शोध एकाच विकरापाशी येऊन थांबला, हे मला आजही विलक्षण वाटते.

जॉसलिनच्या याच गटाने २०१८ साली आणखी एक गोष्ट दाखवली. चेतापेशींना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी असतात. उंदरांमध्ये केवळ या पेशींतील इन्सुलिन रिसेप्टर काढले तरी डोपामिनचे स्रवणे घटते आणि नैराश्यासारखे वागणे दिसते. टाइप २ मधुमेहात शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते हे सर्वांना माहीत असते; मेंदूही त्याला दाद देईनासा होऊ शकतो, ही बाब मात्र अजून दवाखान्यातील बोलण्यात फारशी येत नाही.

सेरोटोनिनचा मार्ग थोडा वेगळा आहे. सेरोटोनिन तयार होते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. शरीरातील बहुतेक सेरोटोनिन आतड्यात बनते, पण ते मेंदूत शिरू शकत नाही. मेंदूला आपले सेरोटोनिन स्वतः बनवावे लागते आणि त्यासाठी रक्तातून ट्रिप्टोफॅन मिळवावे लागते. मेंदूच्या दाराशी ट्रिप्टोफॅनची इतर काही अमिनो आम्लांशी स्पर्धा असते. इन्सुलिन त्या इतर आम्लांना स्नायूंमध्ये ओढून घेते, त्यामुळे ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी मिळते. इन्सुलिन कमी पडले किंवा स्नायू त्याला जुमानेनासे झाले तर ही सोय कमी होते. त्यातच दीर्घकाळच्या मधुमेहात, विशेषतः स्थूलता सोबत असेल तर, शरीरात मंद दाह सतत चालू असतो. दाहाच्या वेळी स्रवणारी द्रव्ये ट्रिप्टोफॅनला सेरोटोनिनच्या वाटेवरून काढून कायन्युरेनिनच्या वाटेवर वळवतात आणि त्या वाटेवर बनणारे क्विनोलिनिक ॲसिड चेतापेशींना अति उत्तेजित करून इजा करू शकते. दाहामुळे मन खरेच खचते का, याचा माणसांमधील बोलका पुरावा यकृताच्या आजारात आहे: हेपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत, आणि ती घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना उपचार सुरू असतानाच नैराश्य येत असे.

कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते बऱ्याच ठिकाणी लिहिलेले सापडते. सततच्या ताणात आणि नैराश्यात अनेकांचे कॉर्टिसॉल चढे राहते. ते यकृताला अधिक ग्लुकोज सोडायला लावते आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करते, म्हणजे साखर वाढवते. आणि दीर्घकाळ चढे राहिले तर हिप्पोकॅम्पसला झिजवते. नैराश्यातून मधुमेहाकडे जाणाऱ्या वाटेचा हा मोठा टप्पा आहे.

मन-अभ्यासक

मी चिकित्सा-मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करते. वरील प्रतिसाद मन लावून वाचला आणि त्यातील जीवरसायन मला मान्य आहे, परंतु वाचकांच्या मनात एक गैरसमज राहू नये म्हणून लिहिते. उंदरांच्या मेंदूत जे दाखवता येते ते माणसाच्या मेंदूत तितक्या थेटपणे दाखवता येत नाही. सेरोटोनिन कमी झाले म्हणून नैराश्य येते, हे सरळसोट समीकरण तर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात पुराव्यावर टिकले नाही. नैराश्याची औषधे अनेकांना उपयोगी पडतात ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही. पण तुमच्या वडिलांच्या मेंदूतील डोपामिन किंवा सेरोटोनिन किती आहे हे सांगणारी कोणतीही रक्ततपासणी आज निदानासाठी उपयोगाची नाही आणि कोणी तशी सुचवली तर तिच्यावर पैसे खर्च करू नयेत. नैराश्याचे निदान आजही बोलण्यातून, विचारण्यातून आणि ऐकण्यातूनच होते.

माणसांवरील एक अभ्यास मात्र येथे सांगण्याजोगा आहे. टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवत नाही) असलेल्या प्रौढांच्या मेंदूचे चुंबकीय तंत्राने मोजमाप केल्यावर कपाळामागील भागात ग्लुटामेट आणि त्याच्या जोडीने मोजल्या जाणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले, आणि ते जितके जास्त तितकी सौम्य नैराश्याची लक्षणेही जास्त होती. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. ग्लुटामेट हे मेंदूतील सर्वांत मोठे उत्तेजक द्रव्य आहे आणि त्याची बांधणी ग्लुकोजच्या ज्वलनातून निघणाऱ्या घटकांपासून होते, त्यामुळे दीर्घकाळ चढ्या राहिलेल्या साखरेशी त्याचा संबंध असावा असे मानायला जागा आहे. तरीही दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असे होत नाही, हे लक्षात ठेवावे.

आता तुमच्या वडिलांविषयी. आमच्याकडे येणाऱ्या मधुमेही व्यक्तींमध्ये दोन वेगळ्या अवस्था दिसतात आणि त्या वेगळ्या ओळखणे मला रसायनांपेक्षाही निकडीचे वाटते. पहिली अवस्था म्हणजे मधुमेहाचा मानसिक ताण. रोज सुई, रोज आकडा, रोज हिशेब, आणि इतके करूनही पुढच्या तपासणीत कोणीतरी नाराजीने कागदाकडे पाहणार, याचा माणसाला वीट येतो. हा ताण मोजण्यासाठी १९९५ साली वीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून त्याचा स्वतंत्रपणे विचार होऊ लागला. असा ताण असलेली व्यक्ती मधुमेहाचा विषय निघाला की मिटून जाते, पण नातवंडांत, गाण्यात, गप्पांत तिचे मन रमते. दुसरी अवस्था म्हणजे नैराश्याचा आजार, ज्यात सगळ्यांतलीच गोडी जाते. ग्लुकोमीटर बाजूला सारणे हे एकटे असते तर मी पहिल्या अवस्थेचा विचार केला असता. पण गाणे, वाचन आणि मित्र या तिन्हींतून मन उडणे, पहाटे जाग येणे आणि हे सगळे काही महिने टिकणे, यावरून नैराश्याची तपासणी तातडीने व्हायला हवी असे मला वाटते. दोन्ही अवस्था एकत्रही असू शकतात.

नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली यासाठी जगभर वापरली जाते. मागील दोन आठवड्यांविषयी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात, एकूण २७. आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर पुढची नीट तपासणी करावी, असे मानले जाते. मधुमेहात ती वाचताना एक अडचण येते. थकवा, झोपेतील बिघाड आणि भुकेतील फरक हे तीन प्रश्न वाढलेल्या साखरेमुळेही होकारार्थी येऊ शकतात. रात्री वारंवार लघवीला उठावे लागत असेल तर झोप मोडणारच. म्हणून नुसत्या बेरजेपेक्षा पहिल्या दोन प्रश्नांकडे, म्हणजे गोडी न वाटणे आणि मन उदास असणे यांकडे, अधिक लक्ष द्यावे. नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याविषयी किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तो गाळू नका. असे विचारल्याने माणसाच्या मनात तो विचार नव्याने येतो ही भीती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारले याने बऱ्याच जणांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर होकारार्थी आले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, वडिलांना एकटे ठेवू नये, आणि घरात इन्सुलिन व गोळ्या असतील तर त्यांचा साठा दुसऱ्या कोणीतरी आपल्या ताब्यात ठेवावा.

वाचनवेल्हाळ

आपण दोघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. काल संध्याकाळी मी बाबांशेजारी बसून नऊही प्रश्न एकेक करून विचारले. पहिल्या दोन प्रश्नांना त्यांनी "जवळजवळ रोज" असे उत्तर दिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नवव्या प्रश्नाला स्पष्ट नकार दिला. एकूण गुण १० च्या बरेच वर गेले आहेत. तपासणीला यायला ते तयार आहेत, पण त्यांची एक अट आहे: आणखी एक गोळी नको. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या आधीच आहेत, त्यात मनाची गोळी घेतली तर साखर आणखी बिघडेल आणि तिची सवय लागेल, असे त्यांना वाटते. यात तथ्य किती आहे?

टाइप-वन

मला शाळेत असल्यापासून टाइप १ मधुमेह आहे आणि मधल्या काळात नैराश्याचे उपचारही घेतले आहेत. गोळीविषयी डॉक्टर लिहितीलच. मी फक्त एक गोष्ट सांगतो जी बाहेरून पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही. साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली घसरली की शरीर ॲड्रेनलिन सोडते. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते आणि काहीतरी भयंकर होणार आहे असे वाटू लागते. साखर आणखी उतरली की मेंदूलाच इंधन कमी पडते, मग चिडचिड, गोंधळ, उगाच रडू येणे असे प्रकार होतात. साखर परत वर आणल्यावर आकडा सुधारतो, पण पुढचे काही तास मन पार गळून गेलेले असते. असे अनेकदा झाले की माणूस पुढच्या घसरणीच्या भीतीने मुद्दाम साखर चढी ठेवू लागतो, आणि चढ्या साखरेत अंग जड, डोके सुस्त, कशाचाच उत्साह नाही. मला कित्येक महिने कळत नव्हते की माझे कोणते दुःख माझे आहे आणि कोणते साखरेचे.

म्हणून आपल्या वडिलांचा डोस वाढवल्यानंतर त्यांची साखर कधी फार खाली जाते का, विशेषतः पहाटे ज्या वेळी त्यांना जाग येते त्या वेळी, हे एकदा तपासून पाहावे असे सुचवतो. ती पहाटेची जाग नैराश्याची असेलही; पण साखर उतरल्यामुळेही जाग येऊ शकते, आणि ते दोन-चार वेळा मोजल्याखेरीज समजणार नाही. तो आकडा त्यांनी स्वतः पाहिलाच पाहिजे असे नाही, दुसऱ्या कोणी पाहिला तरी चालेल. आणि आकडा कितीही येवो, त्याला चांगला किंवा वाईट म्हणू नये. आमच्या घरी सगळे प्रेमानेच "आज वाईट आली का?" असे विचारत, आणि मला ते दर वेळी माझ्याविषयीच म्हटल्यासारखे वाटे.

फिजिशियन-निवृत्त

मी अनेक वर्षे मधुमेही रुग्ण पाहिले आहेत. रुग्णाला न पाहता औषध सुचवणे योग्य नाही, म्हणून मी सर्वसाधारण माहिती देतो. निर्णय आपल्या डॉक्टरांचा.

वडिलांच्या शंकेत अर्धे तथ्य आहे. नैराश्याची सगळी औषधे साखरेच्या दृष्टीने सारखी नसतात. ॲमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन यांसारख्या जुन्या गटातील औषधांनी वजन आणि साखर वाढू शकते. १९९७ साली मधुमेही रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत नॉरट्रिप्टिलिनने मन सुधारले, पण साखरेवर त्याचा थेट परिणाम प्रतिकूल दिसला. मिर्टाझापिनने भूक आणि वजन वाढते. याउलट सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुओक्सेटिन या गटाने साखर सहसा बिघडत नाही आणि काहींची ती थोडी उतरते. पायांची जळजळ व वेदना असतील तर ड्युलोक्सेटिनचा विचार होतो, कारण ते मधुमेहातील नसांच्या वेदनेवरही चालते. सवयीविषयी: झोपेच्या काही गोळ्यांची लागते तशी तलफ या औषधांची लागत नाही. मात्र ती एकदम बंद केली तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होतो, म्हणून हळूहळू कमी करावी लागतात.

तरीही त्यांना गोळी नकोच असेल, तर त्यांची इच्छा उडवून लावू नये. १९९८ साली झालेल्या एका छोट्या पण नीट आखलेल्या चाचणीत नैराश्य असलेल्या टाइप २ रुग्णांच्या दोन्ही गटांना मधुमेहाचे शिक्षण दिले आणि एका गटाला त्याशिवाय दहा आठवडे विचार-वर्तन उपचार (बोलण्यातून विचार आणि वागणे बदलण्याचे उपचार) दिले. उपचार संपले तेव्हा त्या गटातील ८५ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते, दुसऱ्या गटातील सुमारे २७ टक्क्यांचे. मला त्याहून लक्षणीय वाटला तो सहा महिन्यांनंतरचा एचबीए१सी: विचार-वर्तन उपचार घेतलेल्यांचा सरासरी ९.५, इतरांचा १०.९. सौम्य ते मध्यम नैराश्यात केवळ बोलण्यावर आधारलेले उपचार आधी करून पाहणे पूर्णपणे रास्त आहे. नैराश्य तीव्र असेल तर मात्र औषधाला टाळाटाळ करू नये.

'साखर आटोक्यात आली की उत्साह परत येईल' या सल्ल्यामागील हेतू चांगला आहे, पण तो मला अपुरा वाटतो. ज्या माणसाला उठून बसायचीही ऊर्मी नाही, त्याच्यावर साखर आटोक्यात आणण्याची जबाबदारी टाकून वाट पाहत बसणे म्हणजे जे हरवले आहे त्याच्याच बळावर ते शोधून आणायला सांगणे होय. दोन्ही आजारांवर एकाच वेळी काम केल्याने काय साधते, हे २०१० साली अमेरिकेत आणि २०२० साली भारतातील चार केंद्रांमध्ये झालेल्या अभ्यासांत तपासले गेले. दोन्हींत एक प्रशिक्षित व्यक्ती रुग्णाशी नियमित संपर्क ठेवत असे, मन आणि साखर दोन्हींची विचारपूस करत असे आणि ती माहिती तज्ज्ञांपुढे ठेवून उपचार वेळेवर बदलून घेत असे. दोन्ही ठिकाणी नैराश्य आणि शारीरिक मोजमापे मिळून नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगला परिणाम दिसला. असे पथक प्रत्येकाला मिळत नाही. घरातील एका व्यक्तीने मधुमेहाचे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनाही एकमेकांची औषधे व कागद दाखवण्याचे काम अंगावर घेतले, तरी त्यातील बराच भाग साधतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायच्या गोष्टींपैकी एक बहुतेक वेळा राहून जाते, ती म्हणजे जीवनसत्त्व बी १२. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षे घेतल्याने ते कमी होऊ शकते, आणि कमी झाले तर थकवा, पायांना मुंग्या, विसरभोळेपणा आणि उदासी हे सगळे दिसते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही त्याच वेळी पाहून घ्यावे. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे असेल तर तेही सांगावे. त्या विकारात साखर आणि मन दोन्ही बिघडतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर साखर उतरल्याची धडधड आणि थरथर जाणवत नाही, म्हणून 'टाइप-वन' यांनी सुचवलेली पहाटेची तपासणी अशा रुग्णात अधिकच आवश्यक ठरते.

उपचार सुरू झाल्यानंतरच्या काळाविषयी एक सूचना. औषध घेतले तर स्पष्ट फरक दिसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, आणि त्यापूर्वीच 'उपयोग नाही' म्हणून ते सोडून दिले जाते. मन सुधारू लागले की माणूस पुन्हा चालू-फिरू लागतो, गोळ्या वेळेवर घेतो, जेवण नियमित होते, आणि साखर उतरते. नैराश्याच्या काळात वाढवलेला मधुमेहाचा डोस त्या वेळी जास्त ठरू शकतो, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे असतील तर. म्हणून मनाचे उपचार सुरू करताना मधुमेहाच्या डॉक्टरांना ते अवश्य कळवावे, पहिले दोन महिने साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी, आणि ती वारंवार ७० च्या आसपास येऊ लागली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डोस कमी करण्याविषयी विचारावे.